गोव्यात गाडीची सर्व्हिसिंग: घरी काय करायचं, गॅरेजला काय द्यायचं

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी गोव्यात येऊन किंवा गोव्यातच राहून पहिली गाडी घेतली आहे, बहुधा पाच-सात वर्षं वापरलेली छोटी पेट्रोल गाडी, आणि पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल बघून जे बुचकळ्यात पडले आहेत. मी डिचोली तालुक्यात राहतो, गाडी रोज पणजीला जाते-येते. बरीच वर्षं काही कामं घराच्या अंगणात करतो आणि काही कामं डोळे झाकून मेकॅनिककडे सोपवतो. कुठलं काम कुठे, हे ठरवायला मला जो वेळ लागला तो तुमचा वाचावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरी सर्व्हिसिंग केल्याने पैसे वाचतात, पण खरा फायदा वेगळाच आहे. ज्याने स्वतः एअर फिल्टर उघडून बघितला आहे, ऑइलची पट्टी (तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक) महिन्यातून दोनदा पुसून पाहिली आहे, त्याला गॅरेजमध्ये कोणी सहज गुंडाळू शकत नाही. आणि चांगल्या मेकॅनिकलाही असंच गिऱ्हाईक आवडतं.

१. आधी वॉरंटी तपासा

गाडी नवी असेल तर पाना हातात घेण्याची घाई करू नका. बहुतेक कंपन्या पहिल्या काही सर्व्हिसिंगची मजुरी घेत नाहीत; ऑइल आणि फिल्टरचे पैसे मात्र द्यावे लागतात. या सर्व्हिसिंग ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या महिन्याला, जे आधी येईल तेव्हा, करून घ्यायच्या असतात. गोव्यात अंतरं कमी. म्हापसा ते पणजी जाणाऱ्याचे वर्षात दहा हजार किलोमीटर होतीलच असं नाही. मग लोक ‘अजून किलोमीटर झाले नाहीत’ म्हणून थांबतात आणि तारीख उलटून जाते. ही पहिली फसगत. तारीख धरा.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली की वॉरंटी सरसकट रद्द करण्याची भीती घालतात, हा त्यातला मुद्दा होता. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तत्त्व म्हणून तो निकाल मोलाचा आहेच, पण वॉरंटीत असलेल्या गाडीचं इंजिन उद्या बिघडलं तर काउंटरवर वाद घालायला तुम्ही एकटेच उभे असता. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत ऑइल, कूलंट, ब्रेक ही कामं कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला करावीत. वायपर, एसीचा फिल्टर, टायरची हवा, धुणं-पुसणं यांना कोणाची हरकत नसते. ती तेव्हाही घरी करा.

२. रेघ कुठे ओढायची

चुकलं तर गाडी चालू होणार नाही, अशी कामं घरी शिकायला हरकत नाही. चुकलं तर गाडी थांबणार नाही, अशी कामं गॅरेजची. मी हाच नियम पाळतो.

घरी करण्यासारखी कामं: इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर, बॅटरीची टर्मिनलं, कूलंटची पातळी, बल्ब, फ्यूज, टायरची हवा. हात बसल्यावर स्पार्क प्लग.

गॅरेजची कामं: ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, स्टिअरिंग, सस्पेन्शन, क्लच, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, व्हील अलाइनमेंट. एअरबॅगच्या वायरी आणि त्यांचे जोड बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळं दिसलं की हात मागे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी जाड केबलींचंही तसंच, त्यात जीवघेणा विद्युतदाब असतो. सीएनजी गाडीचं गॅसशी संबंधित कुठलंही काम अधिकृत ठिकाणीच करा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नका.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गोव्यात याचं महत्त्व जास्त आहे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं ‘डॉट ३’ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशाला उकळतं. पाणी मुरलेल्या तेलासाठी हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येतो. आपल्याकडे समुद्राची दमट हवा बारा महिने, त्यात चार महिने पाऊस. असं मुरलेलं तेल घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाट उतरायला लागलात आणि सारखा पाय ब्रेकवर ठेवलात, तर तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागायला लागतं. सपाट रस्त्यावर हे कधी कळतही नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्या, ते गॅरेजमध्येच, आणि घाट उतरताना खालचा गियर ठेवा.

३. हत्यारं आणि सामान

सुरुवातीला मोठी पेटी विकत घेऊ नका. एवढं पुरतं:

– गोटी (सॉकेट) पान्यांचा मध्यम सेट (८ ते १९ नंबर) आणि एक-दोन रिंग पाने
– ऑइल फिल्टर खोलायचा पाना
– टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरावर कट्‌ करून सांगणारा पाना
– हायड्रॉलिक जॅक आणि जॅक स्टँडची जोडी, किंवा लोखंडी रॅम्पची जोडी
– पाच-सहा लिटरचं पसरट भांडं, नरसाळं, जुनी कापडं, हातमोजे
– टायरची हवा मोजायचं गेज
– कपाळाला बांधायची बॅटरी (टॉर्च)

पैसे वाचवायचेच तर पान्यांवर वाचवा, जॅक स्टँडवर नको. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, अर्ध्या मिनिटासाठीही नको.

आता खास आपल्या गोव्यातली गोष्ट. इथे प्रत्येक घराच्या मागे चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, रास असते. घर बांधताना उरलेले, कुंपणाचे निघालेले. गाडी उचलली की दोन चिरे सारून आधार द्यायचा मोह हमखास होतो, आणि तसं करणारे मी पाहिलेही आहेत. चिरा भिंतीत वजन घेतो कारण ते सगळ्या अंगावर पसरलेलं असतं. गाडीचं वजन एका टोकावर येतं, आणि चिऱ्याला आतून भोकं असतात. पाऊस खाल्लेला चिरा तर काहीही इशारा न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. जॅक स्टँड नसेल तर त्या दिवशी गाडीखालचं काम करू नका.

सामान घेताना तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत दर काही वर्षांनी इंजिन बदलतं आणि फिल्टरही बदलतो. चासी नंबर आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) असतो. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

४. ऑइल बदलणं, पायरीपायरीने

कुठलं ऑइल घ्यायचं ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दुकानदाराने सुचवलेलं, शेजाऱ्याने वापरलेलं किंवा जास्त महाग असलेलं नव्हे. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडचं ऑइल लागतं. ‘जाड ऑइल घाला, इंजिन थंड राहील’ हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. जुन्या इंजिनांच्या काळात त्याला अर्थ होता; आजच्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक असतात, त्यांत जाड तेल वेळेवर पोचत नाही.

प्रमाण छोट्या गाड्यांना साधारण तीन ते चार लिटर. नेमका आकडा पुस्तकात बघा.

पहिली पायरी. सपाट, घट्ट जमीन निवडा. सारवलेलं अंगण किंवा उताराची वाट चालणार नाही. इंजिन चार-पाच मिनिटं चालवा म्हणजे तेल पातळ होईल, मग बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. उकळतं तेल हातावर आलं तर कातडी सोलून निघते.

दुसरी पायरी. हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका, मागच्या चाकांना लाकडी गुटके लावा. पुढची बाजू रॅम्पवर चढवा किंवा उचलून स्टँडवर ठेवा. स्टँड कुठे लावायचा त्या जागा पुस्तकात दाखवलेल्या असतात. मग गाडी बाजूने हाताने जोर लावून हलवून बघा. हलते आहे असं वाटलं तर पुन्हा लावा.

तिसरी पायरी. बोनेट उघडून वरचं ऑइलचं झाकण काढून ठेवा. खाली चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भागाचा) ड्रेन बोल्ट, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, शोधा. गियरबॉक्सलाही असाच एक बोल्ट असतो आणि नवखे लोक तोच खोलून बसतात. खात्री नसेल तर आधी एकदा मेकॅनिककडून बोटाने दाखवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथी पायरी. पाना लावून बोल्ट सैल करा. पहिला झटका जड जातो, मग तो एकदम सुटतो. त्यापुढे पाना बाजूला ठेवा आणि बोटांनी फिरवा, फिरवताना बोल्ट वरच्या बाजूला दाबून धरा. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं. तेव्हा हात झटकन बाजूला घ्यायचा. तेलाची धार सुरुवातीला सरळ खाली न पडता पुढे झेपावते, म्हणून भांडं थोडं पुढे सरकवून ठेवलेलं बरं. धार बारीक होऊन थेंबांवर आली की अजून दहा मिनिटं द्या.

तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते काळं होणारच. बोटांत चोळून बघा: चकाकणारे धातूचे कण लागले, किंवा तेल दुधाळ तपकिरी असेल, तर काम तिथेच थांबवून मेकॅनिकला दाखवा. दुधाळ म्हणजे तेलात पाणी गेलं आहे.

पाचवी पायरी. जुना फिल्टर काढा. त्याचं रबरी रिंग त्याच्याबरोबरच निघालं आहे ना, हे बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर गाडी सुरू केल्यावर सगळं तेल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने थोडं नवं तेल लावा, हाताने फिरवत बसवा, रबर टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. त्यासाठी पाना नको. काही गाड्यांत फिल्टर म्हणजे डब्यात बसणारा नुसता कागदी भाग असतो. त्यांचं झाकण आवळायचा जोर पुस्तकाप्रमाणे.

सहावी पायरी. ड्रेन बोल्टला नवा वायसर घाला. बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे लावा, तिरका जातो आहे असं वाटलं तर काढून पुन्हा. मग टॉर्क रेंच. बऱ्याच छोट्या गाड्यांना ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा तपासून घ्या. हल्लीची चेंबरं बरीचशी अॅल्युमिनियमची असतात. ताकद लावून आवळलं की आटे जातात, आणि मग शंभर-दोनशे रुपये मजुरी वाचवण्याच्या नादात अख्खं चेंबर बदलायची पाळी येते.

सातवी पायरी. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल ओता. झाकण लावा, गाडी सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. एक मिनिट चालवून बंद करा, खाली गळती आहे का बघा. गाडी सपाट जमिनीवर उतरवून पाच मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा बघा आणि वरच्या खुणेच्या किंचित खाली येईपर्यंत थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्त तेल इंजिनात घुसळून फेसाळतं, आणि फेस वंगणाचं काम करत नाही.

उरलं जुनं तेल. हे विहिरीच्या, व्हाळाच्या (ओढ्याच्या), शेताच्या आसपास ओतणं म्हणजे गावाच्या पाण्यात विष कालवणं आहे. आपली जमीन जांभ्याची, पाणी झिरपू देणारी. अंगणात ओतलेलं तेल पहिल्या पावसात कुठे पोचेल याचा विचार करा. कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, ज्या झऱ्याचं पाणी जातं त्याच झऱ्यात ते उतरतं. ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या. जुनं तेल गोळा करून नेणारे त्यांच्याकडे येतात. जुना फिल्टरही तेल निथळून तिथेच द्या. आणि दुसरे रिकामे कॅन भंगारात देण्याआधी फोडा, म्हणजे त्यांत बनावट तेल भरून कोणी पुन्हा विकणार नाही.

५. एअर फिल्टर, आणि आमच्या भागातली तांबडी धूळ

पुस्तकात एअर फिल्टर बदलायचा आकडा असतो, बहुतेक वेळा तीस-चाळीस हजार किलोमीटर. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘धुळीच्या भागात लवकर’. डिचोली, साखळी, सत्तरी, धारबांदोडा, सांगे इथल्यांनी ते बारीक अक्षर आपल्यासाठीच आहे असं समजावं. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने धावतात त्या रस्त्यावरच्या गाडीचा फिल्टर उघडून बघा. कागदाच्या घड्यांत तांबडी पूड साचलेली असते, डब्याच्या तळाशी वेगळा थर, आणि टकटक केली की अंगणात लाल शिंतोडे पडतात.

काम सोपं आहे. डब्याच्या क्लिपा किंवा तीन-चार स्क्रू काढा, फिल्टर कुठल्या बाजूने बसला आहे याचा आधी फोटो घ्या, बाहेर काढून उन्हाकडे धरा. उजेड दिसला तर झटकून परत, नाही दिसला तर नवा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. जोरदार हवा मारायची असेल तर आतून बाहेर, लांबून. डब्याचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसा, पण इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत काही पडू देऊ नका. धुळीच्या भागात दर दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून बघणं पुरतं.

एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. दोन्ही बाजूंनी दाबलं की बॉक्स खाली झुकतो. नवा फिल्टर घालताना त्यावरचा बाण बघा. पाच मिनिटांचं काम, आणि सर्व्हिसिंगच्या बिलात याची वेगळी मजुरी दिसली तर ती तुम्ही नक्की वाचवू शकता.

६. पावसाळ्याची तयारी

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. इतर राज्यांतून आलेल्यांना गाडीच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा फरक वाटतो. म्हणून वर्षातली एक सर्व्हिसिंग मे महिन्यात बसेल असं वेळापत्रक करा.

वायपर मेच्या शेवटी बदला. उन्हाने रबर कडक होतं आणि पहिल्याच मोठ्या सरीत काचेवर नुसते पट्टे ओढतं. दोन्ही बाजूंच्या वायपरची लांबी वेगळी असते. जुने काढून मोजा.

काचेच्या खाली, बोनेटच्या मागे जी जाळी असते तिच्यात आंब्या-फणसाची पानं आणि फुलांचा मोहोर साचतो. खालच्या निचऱ्याच्या वाटा तुंबल्या की पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि लोक दाराचं रबर बदलत बसतात. मेमध्ये आणि मग पावसात दर पंधरा दिवसांनी हाताने पानं काढा. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. दारं तिथूनच गंजायला लागतात.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, मोरजी-कळंगुटपासून कोलवा-काणकोणपर्यंत, गाडीचा तळ साध्या पाण्याने नियमित धुवायला हवा. खारं वारं लोखंड खातं. तळाला गंजरोधक कोटिंग करायचंच असेल तर ते पावसाआधी, आणि तळ पूर्ण सुकलेला असताना. ओल्या, गंजलेल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज आत झाकून ठेवतं. गाडी वाळूत, पाण्याच्या कडेला उतरवू नका. त्याला बंदीही आहे आणि खारं पाणी ज्या सांध्यांत जातं तिथे पाइप पोचत नाही.

उंदीर. पावसात त्यांना ऊबदार, कोरडी जागा हवी असते, आणि बोनेटखाली ती तयारच असते. जळणाची लाकडं किंवा भाताची पोती जिथे रचली आहेत त्याच्या शेजारी गाडी लावू नका. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेली वायर, ओढून आणलेलं गवत आहे का बघा. चेक इंजिनचा दिवा पेटला तर हेही एक कारण असू शकतं.

गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर, जागा सपाट असल्यास, हँडब्रेक न ओढता पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि चाकाला गुटका लावा. दमट हवेत ब्रेक चिकटून बसतात. सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो तो दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की जातो, त्यासाठी गॅरेज नको.

आणि रस्त्यावर पाणी भरलेलं असताना गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर सुरू करण्याच्या एका प्रयत्नात आतला रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या, टोइंग बोलवा, फिल्टर ओला आहे का बघा. साध्या विम्यात अशी इंजिनाची हानी सहसा येत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेतलं आहे का, हे मेमध्येच पॉलिसी काढून वाचा.

७. छोटी कामं, पटकन

बॅटरी: टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड आली की आधी वजाची (−) वायर, मग अधिकची (+) वायर काढा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, सुकवा, आधी अधिक मग वजा लावा, वरून व्हॅसलिन.

कूलंट: गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. पातळी कमी असेल तर पुस्तकात सांगितलेलंच कूलंट घाला, नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको. वारंवार कमी होत असेल तर ते घरचं काम राहिलं नाही.

टायर: हवा सकाळी, गाडी थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. नक्षीच्या खाचांत आडव्या उंच पट्ट्या असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं. आपल्या पावसात तिथपर्यंत थांबूच नका. स्टेपनीची हवाही बघा.

चेक इंजिन दिवा: साधारण २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली एक जोड असतो, त्याला लावायचं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मिळतं. मोबाईलवर कोड दिसतो. कोड लिहून मेकॅनिककडे न्या, पण कोडमध्ये ज्या भागाचं नाव आहे तोच बिघडला असं धरून तो विकत घेऊ नका.

८. गॅरेज निवडणं आणि बिल वाचणं

ओळखीचा मेकॅनिक शोधायचा तर तुमच्याच मॉडेलची टॅक्सी चालवणाऱ्याला विचारा. त्याचं पोट गाडीवर आहे, तो वाईट गॅरेजकडे दुसऱ्यांदा जात नाही. नवीन ठिकाणी आधी छोटं काम द्या, ब्रेकची तपासणी किंवा प्लग. काम चालू असताना शेजारी उभं राहू देतात का, जुने भाग न मागता दाखवतात का, वायसर नवा घालतात का, एवढं बघितलं तरी माणूस कळतो.

गाडी देताना कामाची यादी कागदावर द्या आणि ‘याच्या बाहेरचं काही निघालं तर आधी फोन करा’ हे त्यावर लिहा. किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो घ्या. ‘जनरल सर्व्हिसिंग करा’ एवढंच म्हणालात तर तुम्ही कोरा चेक दिलात.

मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर तुम्हाला इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी यादी वाचून दाखवली जाईल. उद्धट न होता एकच विचारा: ‘हे एवढ्या किलोमीटरला करायचं असं पुस्तकात कुठल्या पानावर आहे?’ पान असेल तर करा. नसेल तर तक्रार काय आहे म्हणून करायचं, हे त्यांना सांगू द्या. गाडी दणके खात असेल तर थ्रॉटल साफ करण्यात अर्थ आहे. नीट चालत असेल तर नाही.

बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवायला सांगा. सुट्या भागांवर पूर्वी मुख्यतः २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. मजुरीवरही १८. अजून २८ चा आकडा दिसला तर तिथल्या तिथे विचारा. छोटं गॅरेज पक्कं बिल देत नसेल तर भाग स्वतः दुकानातून बिलासह घ्या आणि फक्त मजुरी द्या. मात्र आधी विचारून. काही मेकॅनिक बाहेरून आणलेल्या भागाची जबाबदारी घेत नाहीत, आणि त्यांचं ते म्हणणं रास्त आहे.

घासाघीस करायची तर भागांच्या किमतीवर करा, मजुरीवर नको. तासभर गाडीखाली पाठ टेकून ब्रेक नीट बसवणाऱ्याने शंभर रुपये जास्त मागितले म्हणून दुसरीकडे जाणाऱ्याने मग ब्रेककडून फार अपेक्षा ठेवू नये.

९. कागद आणि वही

एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये एवढं असू द्या:

– आरसी, विमा पॉलिसी (वाढीव कव्हरच्या पानासह), पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र)
– गाडीचं पुस्तक आणि वॉरंटीची पुस्तिका
– सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं. घरी केलेल्या कामासाठी ऑइल-फिल्टरची बिलं
– बॅटरी आणि टायरची वॉरंटी कार्डं

बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकांच्या) गाड्यांची पीयूसी एक वर्ष चालते, जुन्यांची सहा महिने. नव्या फिल्टरनंतर पीयूसी काढली तर आकडे चांगले येतात, म्हणून मी दोन्ही एकाच आठवड्यात उरकतो.

वहीत प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, काय घातलं आणि किती रुपये, एवढ्याच चार गोष्टी. घरी केलेल्या कामाचा शिक्का कोणी मारत नाही. गाडी विकताना ही वही आणि बिलं हाच तुमचा पुरावा. सेकंडहँड गाडी घेत असाल तर तुम्हीही हेच मागा.

एक शेवटचं, तारखांबद्दल. मेच्या अखेरीस पावसाची धास्ती घेऊन सगळे एकदम गॅरेज गाठतात, तेव्हा तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात मोठं काम अजिबात काढू नका. गॅरेजमधली पोरं आपापल्या गावी जातात, पेडणे-सत्तरीकडे तर अनेक गॅरेजं पाच-सात दिवस बंदच असतात, सुटे भागही येत नाहीत, आणि खोललेली गाडी तशीच उभी राहते. चवथीला गावी जायचं असेल तर ब्रेक आणि टायर श्रावणातच दाखवून घ्या.